ज्वारीच्या कणगीतलं कासव

माझ्या सासऱ्यांचा एक देव ज्वारीत राहत असे. लग्न होऊन वाशीमकडच्या केनवडजवळ त्यांच्या गावी मी गेले तेव्हा मला घरातले सगळे देव दाखवले, देव्हाऱ्यापासून गोठ्यातल्या म्हसोबापर्यंत, पण हा दाखवला नाही. नव्या सुनेची नजर लागते म्हणे. सुनेच्या नजरेत एवढी ताकद असते हे मला तिथेच कळलं. तोवर मी आपली साधी माणसासारखी बघत होते.

तो देव म्हणजे एक जिवंत कासव होतं. जमिनीवरचं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, ताटलीएवढं. माझ्या लग्नाआधी वर्षभर एक फिरता वैदू ते घेऊन आला आणि म्हणाला, हे धान्यात ठेवा, धान्य कधी सरायचं नाही. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते थेट कोठीतल्या कणगीत नेऊन ठेवलं. ही कणगी बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, पुरुषभर उंच. वरून ज्वारी भरायची आणि खाली बुडाशी चिंधीचा बोळा काढून लागेल तेवढी घ्यायची, त्यामुळे वर बसलेल्या देवाकडे बघायची वेळ कोणावर येत नसे. दसरा, दिवाळी आणि आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, असं वर्षातून तीनदा झाकण उघडून त्याच्या पाठीवर तेलात कालवलेला शेंदूर थापायचा, नारळ फोडायचा आणि झाकण लावायचं. मधल्या काळात ते खातं काय, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. धान्याच्या राशीवर बसलेला उपाशी कसा राहील? कासव ज्वारी खात नाही हे घरात फक्त कासवालाच माहीत होतं, आणि त्याला विचारायची पद्धत नव्हती.

मी वाशीमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी. सासरी हा माझा मोठाच दोष मानला जाई. ताक आंबट झालं तरी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणत, "ढोराच्या दवाखान्यातली पोरगी हाय, तिले काय समजते ताकातलं!" त्यांची जीभ विळ्यासारखी होती. मी तोंडावर काही बोलत नसे, मनात मात्र एकही उत्तर शिल्लक ठेवत नसे.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पौषात एका सकाळी कणगीतून ज्वारी खाली येईना. आत्याबाईंना चढवेना, म्हणून नजरेचं विसरून त्यांनी मला पाटावर पाट ठेवून वर चढवलं आणि काठीनं आतलं धान्य हलवायला सांगितलं. झाकण काढलं तर ज्वारीत अर्धा रुतलेला शेंदराचा गोळा. आधी मला वाटलं दगडच आहे. मग त्या दगडाच्या नाकातून एक बुडबुडा आला.

मी ते पदरात घालून खाली उतरले. डोळे घट्ट चिकटलेले, मान लुळी. पोटाखालून बोट दाबलं तर कवच दबत होतं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. हातात काहीच वजन नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि रडण्याआधी राग आला. दोन वर्षांवर एका जिवाला काळोखात उपाशी ठेवून त्याला रंग लावणाऱ्या माणसांत आपल्याला दिलंय, हे मला त्या क्षणी फार स्वच्छ दिसलं.

मामाजी ओसरीवर दात कोरत बसले होते. कासव माझ्या हातात बघून ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उठले नव्हते.

"काहून काढलं तिले भाईर? लक्ष्मी हाय ते!"

"मामाजी, ते मरून राह्यलं. उपाशी हाय."

"कासवाले भूक नसते. ते नजरेवर जगते, पिल्लायले बी नजरेनंच पोसते. आमच्या आज्यापासून आयकतो आमी."

"डोळे चिकटले त्याचे," मी म्हटलं. "नजर कुठून आणंल?"

माझे यजमान तिथेच होते. वडील बोलत असले की त्यांना छताची लाकडं मोजायची सवय होती, तीच ते मोजू लागले. मी मग मनातलं शेवटचं शस्त्र काढलं. लक्ष्मी कणगीतच मेली तर धान्याला विटाळ होईल, सगळी ज्वारी ढोरांना घालावी लागेल, असं म्हटलं. धर्मशास्त्रात असं काही आहे की नाही मला ठाऊक नव्हतं. मामाजींनाही नव्हतं, म्हणून ते घाबरले.

अखेर ठरलं ते असं. कासव आखजीपर्यंत माझ्या ताब्यात. आखजीला पूजा करून ते पुन्हा कणगीत जायचं. आणि तोवर ते मेलं तर ते माझ्या पायगुणानं मेलं, मग मी कायमची वाशीमला. मामाजींनी हे एवढ्या शांतपणे सांगितलं की बैल बदलायची गोष्ट चालली आहे असं वाटावं.

वडिलांना कार्ड लिहिलं. त्यांचं उत्तर आलं ते यजमानांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं: औषध काही नको. रोज कोमट पाण्यात बसवा, सकाळचं ऊन द्या, हिरवा पाला द्या, पाल्यावर चुन्याची निवळी शिंपडा. शेंदूर आधी काढा, तो विष आहे. शेवटचं वाक्य वाचताना यजमानांचा आवाज इतका बारीक झाला की ते मीच मोठ्यानं पुन्हा म्हटलं.

तिळाचं तेल लावून नारळाच्या काथ्यानं मी शेंदूर काढायला बसले. तीन दिवस लागले. एवढी भक्ती मी जन्मात पाहिली नव्हती, थरावर थर होती. गावातल्या बायका बघायला येत आणि सल्ले देत. कोणी म्हणे दूध पाजा, कोणी पेढा आणी. एकीनं तर कासवाच्या तोंडाशी विडा धरला. मी सगळ्यांना सांगितलं, यायचं तर हरभऱ्याचे शेंडे घेऊन या. दुसऱ्या दिवसापासून दर्शनाची गर्दी पुष्कळ कमी झाली.

रोज सकाळी अंगणात ऊन आलं की मी परातीत कोमट पाणी घेऊन बसायची. कासव त्यात बुडेल एवढं नाही, हनुवटीपर्यंत. मीठ घालून उकळलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायची. पहिले आठ दिवस काहीच नाही. ते जिवंत आहे की नाही हे पाहायला मी त्याच्या नाकाशी आरसा धरत असे, आणि आरशावर वाफ दिसली की मला माझंच आयुष्य एक दिवसानं वाढल्यासारखं वाटे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आत्याबाई येऊन बसू लागल्या. काही करायच्या नाहीत. मातीवरच पाय पसरून, पाठ उन्हाकडे करून बसायच्या आणि बोलायच्या. "एवढं पानी कायले वाया घालून राह्यली?" "नवऱ्याचे पाय तरी धुते का इतकी मन लावून?" मी ओळखलं की मामाजींनी पहारा बसवला आहे. मीही मग हट्टानं त्यांच्याकडे न बघता काम करायची. रात्री यजमानांना त्यांच्या बसण्याची, खाकरण्याची, उन्हात डोळे मिटण्याची नक्कल करून दाखवायची. ती मला फार छान जमत असे.

नवव्या की दहाव्या दिवशी एक डोळा उघडला. काळा, ओला, मिरीएवढा. दुसरा चार दिवसांनी. तरी खाईना. हरभरा, घोळ, शेवग्याचा पाला, सगळं पुढे सुकत पडे. मी अगदी टेकीला आले होते. तेव्हा एका सकाळी मामाजी गणपतीसाठी जास्वंदीची फुलं घेऊन चालले होते, त्यातलं एक परातीजवळ पडलं. कासवानं मान लांब केली, क्षणभर त्या लाल रंगाकडे पाहिलं आणि कचकन चावा घेतला. मी ओरडलेच. आत्याबाई ओरडल्या ते माझ्यापेक्षा मोठ्यानं.

मामाजींनी हात जोडले. "माह्या हातचं फूल घेतलं तिनं," ते म्हणाले. त्या दिवसापासून कासव त्यांनी बरं केलं. जवळच्या मालेगावच्या बाजारात ते ही हकिगत सांगत, आणि तिच्यात मी कुठेच नव्हते, परातही नव्हती.

फाल्गुनात कासव अंगणभर हिंडू लागलं. चैत्रात चिवळीची भाजी आली, ती त्याला इतकी आवडे की भाजीवाली दिसली की ते दाराकडे निघे. पोटाचं कवच घट्ट झालं. चालताना खडखड वाजायचं. पाठीवरच्या चांदण्या मी रोज ओल्या फडक्यानं पुसायची आणि दिवस मोजायची, कारण आखजी जवळ येत होती. मी त्याला मरणातून काढलं होतं ते पुन्हा कणगीत घालण्यासाठी. आधी ते तिथे अर्धमेलं होतं, आता सगळं कळत असताना जाणार होतं. यजमानांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, बघू. त्यांचं बघणं छतापलीकडे कधी गेलं नाही.

आखजीच्या सकाळी मामाजी धुतलेलं धोतर नेसून, शेंदराची वाटी घेऊन कोठीशी आले. मी पाया पडले, विनवलं, कासव अंगणातच लक्ष्मी म्हणून राहू द्या म्हटलं. ते हसले.

"धान्य कोठीत आन् लक्ष्मी अंगनात? आन ते इकडं."

मी कासव उचलायला वाकले तर ते तिथे नव्हतं. आत्याबाईंनी ते आधीच पदरात घेतलं होतं आणि त्या कोठीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, दार अडवून.

"हे आत जात नाही," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"तीस वर्सं झाले, मी या कोठीत अंधारात दळन काढून राह्यली. तीस वर्सं! एक दिस कोनी म्हनलं नाही का चाल बाई, अंगनात बस, पाठ शेकून घे. या मुक्यापायी चार महिने बसाले भेटलं तं माहे गुडघे वाकाले लागले. मले ऊन काय असते ते आत्ता समजलं." त्यांचा आवाज फाटला. "तुमाले कनगीत लक्ष्मीच पाह्यजे नं? मंग मले घाला. मी बी या घरचीच लक्ष्मी हाव. लावा शेंदूर."

आणि त्यांनी खरंच कपाळ पुढे केलं.

मामाजींनी वाटी हळूच कोनाड्यात ठेवली आणि चप्पल न घालता शेताकडे निघून गेले. पुढच्या बाजाराला त्यांनी पितळेचं एक कासव आणून कणगीत ठेवलं, आणि तेच अधिक पावतं असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. आमचं कासव अंगणात राहिलं, चिवळ खाऊन धष्टपुष्ट झालं.

पण त्या सकाळी मी कासवाकडे बघत नव्हते. आत्याबाईंच्या लुगड्याला मागून माती लागली होती, चार महिन्यांची, धुऊनही न निघालेली. रोज त्या माझ्या शेजारी उघड्या जमिनीवर बसत होत्या, दुखरे गुडघे पसरून, आणि मी त्यांना पहारेकरी समजून त्यांच्या नकला करत होते. कासवाला मी रोज पाणी कोमट करून दिलं. त्यांना एकदाही बसायला पाट दिला नव्हता.