मालक मागच्या बाकावर

याकूबभाईंवर अन्याय झाला तो १९८० साली, भादवी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चाकणच्या नाक्यावर, भर गर्दीत. करणारा बबनशेठ, कुरुळीच्या बाया भोसरीच्या कारखान्यांत कामाला नेणारा ठेकेदार. बघणारे शेदीडशे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं याकूबभाईंच्या तऱ्हा ऐकताना तुम्ही हसाल आणि मूळ गोष्ट विसराल. विसरू नका.

याकूबभाई जीपचे पाटे बांधायचे. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची चळत असते, जिच्यावर माणसांचा सगळा भार झुलतो, ते पाटे. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जुन्या जीपा आमच्याकडं तेव्हा रग्गड. कंबर खचलेल्या अवस्थेत त्या याकूबभाईंच्या भट्टीवर यायच्या. पाटे उतरवायचे, तापवायचे, घणानं पुन्हा कमान द्यायची, तेलात विझवायचे, गरज पडली तर एखादा नवा पाटा चढवायचा. एवढं बाकीचेही करत. पण याकूबभाईंचा एक नियम दुसऱ्या कुणाकडं नव्हता. काम झालं की मालकानं मागच्या बाकावर बसायचं, बरोबर चाकाच्या वर. गाडी याकूबभाई चालवणार, तीही आळंदी रस्त्याच्या सगळ्यात वाईट तुकड्यावरून. त्यानंतरच किल्ली हातात.

एका बागायतदाराला त्यांनी इस्त्रीच्या धोतरासकट असा फिरवून आणला होता. तो उतरला तो कंबर धरूनच.

"याकूबभाई, पाठ मोडली माझी!"

"मोडली न्हाई मालक, कळली. तुमच्या गड्यांची पाठ रोज हितंच असती. एक पाटा कमी करतो, उद्या पुन्हा बसा."

आणि दुसऱ्या दिवशी त्याला खरंच पुन्हा बसवला.

माझी त्यांची ओळख पत्रकामुळं झाली. मी युनियनची पत्रकं वाटत नाक्यावर हिंडायचो. त्यांनी माझ्या हातून एक घेतलं, त्याला हात पुसले आणि म्हणाले, "कागद चांगला हाय भावा, ग्रीस धरतो." मी चिडून निघालो तर मागून हाक आली. पत्रकाचा न माखलेला अर्धा भाग ते मोठ्यानं वाचत होते. "'शोषणाची व्यवस्था उलथून टाका.' टाकू की. पण उलथताना खाली कोन बसलंय ते बघितलं का?" पुढं तासभर आम्ही भांडलो. चहा त्यांनीच पाजला, तोही भांडत भांडत.

गरीब, सोशिक कारागीर वगैरे ते अजिबात नव्हते. तोंड फाटकं, आवाज घणासारखा. हमरस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना ते 'पत्रे ठोकणारे' म्हणत, तेही त्यांना ऐकू जाईल असं. एका जागी उभे राहणं त्यांना जमायचंच नाही. बोलता बोलता दुसऱ्याच्या उभ्या गाडीचा मागचा भाग दाबून बघायचे आणि मालकाला न विचारता निकाल द्यायचे.

बबनशेठची जीप त्यांच्याकडं आली ती पोळ्याच्या आधीच्या गुरुवारी. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून जीप मोकळी. याकूबभाईंनी पाटे नीट बांधून दिले. बबनशेठचं समाधान होईना.

"राव, पोळ्याच्या मिरवणुकीत काढायचीय गाडी. बैलासारखा पुठ्ठा वर दिसला पाहिजे. ट्रकचे दोन जाड पाटे घाला खालून."

"आन् रोज बाया कोन बसवनार त्यात? ट्रकच्या पाट्याला ट्रकचं वजन लागतं शेठ. भरलेली गाडी कशीबशी सोसंल. रिकामी झाली की लाथ मारंल."

"मजबूत झाली तर तुमचं काय जातंय?"

"कडक म्हंजे मजबूत न्हवं. बरं, ऱ्हाऊ द्या. मी बांधलेत त्या पाट्यांवर एक फेरी मारू. चला, मागं बसा."

बबनशेठ हसला. चार लोक बघत होते, सणाच्या खरेदीला आलेल्या कुरुळीच्या बायाही बसथांब्यावर होत्या. "मी? मागं? बायांच्या बाकावर?"

"मग किल्ली न्हाई."

दुसऱ्या दिवशी बबनशेठच्या ड्रायव्हरनं दुसरी किल्ली आणून जीप नेली. हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात ट्रकचे पाटे चढले. पोळ्याला जीप बैलांच्या मागोमाग मिरवली. बॉनेटला बाशिंग, दारांवर गेरूचे ठिपके, मागचा भाग हातभर वर. लोक म्हणाले, काय रुबाब आहे! तो रुबाब आमच्याही माणसांना आवडला, हे सांगितलंच पाहिजे.

सणाच्या दुसऱ्या दिवशी कामावर निम्म्याच बाया आल्या. जीप अर्धी रिकामी. इंद्रायणीच्या पुलाअलीकडच्या खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि गाडीनं लाथ मारली. कडेला बसलेली अंजनावहिनी रस्त्यावर फेकली गेली. माकडहाड आणि खुबा. ती आमच्याच आळीतली.

तिला दवाखान्यात टाकून बबनशेठ तीच जीप घेऊन नाक्यावर आला आणि ओरडला, "ह्या याकूबनं बांधलेत पाटे! गच्च भरलेली असताना कधी काही झालं न्हाई, आन् आज रिकामी गाडी माणसं फेकती! पाटेच खोटे ह्याचे!"

लोकांना ते पटलं. भार कमी तर धोका कमी, असंच सगळ्यांना वाटत होतं. कुणीतरी भट्टीचा भाता लाथाडला. याकूबभाई जीपकडं बोट दाखवत ओरडत राहिले, "खाली वाका! वाकून बघा रे! माझे पाटे वळखा, ट्रकचे वळखा!"

एकही माणूस वाकला नाही. मी गर्दीतून आत घुसलो तोवर ड्रायव्हरनं जीप काढली होती. संध्याकाळी ट्रकचे पाटे उतरलेले होते.

अंजनावहिनीनं खाटेवरून मला सांगितलं, "गुरुवारी आमी थांब्यावरच व्हतो. याकूबभाई आमाला म्हनले, 'शेठ मागं बसला न्हाई, तुमीबी बसू नका.' पन न बसून करतो काय? खाडा पडतो. आन् जो वाकंल त्याला उद्या जीपमधी जागा न्हाई."

मी पत्रक काढलं. पहिली प्रत याकूबभाईंना दिली. त्यांनी ती या वेळी स्वच्छ हातांनी धरली, कारण भट्टीवर काम उरलं नव्हतं. वाचून फेकली.

"ह्यात मी लई केविलवाना दिसतोय. मी केविलवाना न्हाई, तापट हाय. तसं लिही. आन् माझ्यासाठी रडनारी मानसं नको गोळा करू. एक मागं बसनारा मालक आन."

मी आणू शकलो नाही. गिऱ्हाईक तुटलं. त्यांनी दुकान बंद केलं आणि जुन्नरला लेकीकडं गेले. मागच्या महिन्यात भेटायला गेलो होतो. हातांना काम नाही, त्यामुळं अंगणातच येरझाऱ्या. जावयाच्या सायकलीचं सीटसुद्धा दोनदा दाबून बघितलं.

"अंजना चालती का?"

"काठी घेऊन."

"शेठ एकदा तरी मागं बसला?"

"नाही."

ते पुन्हा चालायला लागले. मला बस म्हणाले नाहीत, स्वतःही बसले नाहीत.

आता तुम्ही. तुमच्या गाडीतून दुसऱ्याची माणसं कामावर जात असतील, तर उद्या सकाळी मागच्या बाकावर बसा, चाकाच्या वर, आणि भोसरीपर्यंत जा. गाडी नसेल, तर पुढच्या वेळी खाली वाका आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगा. आणि मालक मागं बसत नसेल, तर त्याच्या हातातून किल्ली काढून घ्या.