चिखलदऱ्याच्या कड्यावर आई

कॉफीचे दाणे भाजल्याचा वास आला की चिखलदरा आठवतो. बी.ए. झालो तेव्हा आईला हौसेनं वलगावच्या घरून मोटारीतून तिथे नेलं. तिला खरं तर अकोल्याकडे, मोर्णेकाठच्या माहेरी जायचं होतं. "माहेर कुठी पळून चाललं, माय? पयले डोंगर पाह्य," मी म्हणालो. कड्यावर पोचलो तर दरी धुक्यानं भरलेली, मागे कुणीतरी कॉफी भाजत होतं. "इथून माहं माहेर दिसते काय रे बापू?" तिनं विचारलं. मी अंदाजानं बोट दाखवलं. पदर सावरून तिनं तिकडे हात जोडले, म्हणाली, "भाऊ वावरातून आला असन आता." पुढे तिचं माहेरी जाणं झालंच नाही. परवा स्वच्छ उन्हात त्याच कड्यावर एकटा उभा होतो. अकोला उजवीकडे होतं. माझं बोट तेव्हा डावीकडे, आमच्याच वलगावाकडे गेलं होतं.