न सांगता बंद पडणारा प्रोग्राम

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. बोलायचं ठरवलं तरी कुठून धरायचं ते कळत नाही — कारण माझी चूक नक्की कोणत्या दिवशी सुरू झाली, हेच मला धड सांगता येत नाही. आधी चूक होती, मग खोटं झालं. मधे काही दिवस गेले. त्या दिवसांत मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं?

इंदूरच्या मिल एकेक करून बंद होत होत्या आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी असाच एक कोर्स केला आणि तुकोगंजमधल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांसाठी प्रोग्राम लिहिला. बाळाचं नाव, वय, वजन टाकायचं की कार्ड छापून यायचं. माझं पहिलंच काम.

रिसेप्शनवर पागनीसकाका बसायचे. सव्वीस वर्षं मिलमध्ये टाइमकीपर होते — कोणता कामगार किती वाजता गेटच्या आत आला, ते लिहायचे. मिल बंद झाली आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला डॉक्टरांनी ठेवून घेतलं. कॉम्प्युटर त्यांना मीच शिकवला. दोन बोटांनी टाइप करायचे, सावकाश, पण एक अक्षर चुकायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात पेशंटसमोर स्क्रीनवर इंग्रजीत ‘एरर’ची चौकट आली. डॉक्टर वैतागले, “मैडम, ये सब पब्लिक के सामने नहीं दिखना चाहिए.” मी ती चूक काढली, आणि वर प्रोग्राममध्ये एक ओळ घालून दिली — पुढे काहीही बिघडलं तर काही न दाखवता बंद हो. एवढीच ओळ. लिहिली आणि विसरले. खरंच विसरले होते का? मला वाटतं, हो. पण माझ्या वाटण्यावर आता मीच किती भरवसा ठेवू?

मग ते सुरू झालं. प्रोग्राम चालता चालता एकदम नाहीसा व्हायचा. ना आवाज, ना संदेश. परत सुरू करेपर्यंत बाहेर तापलेली बाळं कडेवर घेऊन बाया उभ्या. डॉक्टर आतून ओरडायचे. मी येऊन बघायचे तर सगळं ठीक. घरच्या मशीनवर शंभर नावं टाकून पाहिली, एकदाही बंद पडला नाही. माझं डोकंच चालेना. मशीन गरम होतं? लाइट कमी-जास्त होते? व्हायरस?

“काका, तुम्ही नक्की कोणतं बटन दाबता?”

“काहीच नाही गं बेटा. मी तर अजून नाव पण लिहिलेलं नसतं, आणि हा गायब.”

ऐकलंत ना? त्यांनी मला उत्तर देऊन टाकलं होतं. मला ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, आता बंद पडला की शेवटचं काय केलं होतं ते लिहून ठेवत चला.

त्यांनी लिहिलं. मिलच्या गेटवर लिहायचे तसंच — तारीख, वेळ, काय केलं. पंधरा दिवसांनी ती वही मी घरी नेली. रविवारची दुपार होती. वाचत गेले. पाच ठिकाणी एकच शेरा होता: ‘बाळ लहान, नाव ठेवायचे आहे, जागा कोरी सोडली.’

बारसं व्हायच्या आधीची बाळं. त्यांना नाव नव्हतं, म्हणून काकांनी नाव लिहिलं नव्हतं. आणि माझा प्रोग्राम कार्डाचा नंबर नावाच्या पहिल्या अक्षरावरून बनवायचा. अक्षरच नाही म्हटल्यावर तो अडायचा — आणि माझ्या त्या ओळीप्रमाणे गुपचूप बंद व्हायचा. मी नावाची जागा कोरी सोडून बटन दाबलं. स्क्रीन रिकामी.

मला आनंद झाला. हे पण सांगायला पाहिजे — आधी आनंदच झाला. दहा मिनिटांत दुरुस्ती केली: नाव नसेल तर ‘बाळ’ असं धर.

सोमवारी क्लिनिकमध्ये गेले, नवी फ्लॉपी लावली. सांगणारच होते. होते ना? डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, कॉम्प्युटर येणारी एक मुलगी उद्यापासून काकांच्या जागी येतेय. मग काकांच्या समोरच विचारलं, “सच बताइए मैडम, गड़बड़ प्रोग्राम में थी कि पागनीसजी में?”

मी म्हटलं, “प्रोग्राम में तो कुछ नहीं निकला, सर.”

वाक्य तोंडातून गेलं. परत घ्यायला वेळ होता — डॉक्टर आत जाईपर्यंत, काका पेन खिशाला लावेपर्यंत, पिशवी उचलेपर्यंत. बाहेर पायरीवर त्यांनी मला थांबवलं.

“वहीचा काही उपयोग झाला का गं?”

“नाही काका. त्यात काही सापडलं नाही.”

“सॉरी बेटा,” ते म्हणाले. “माझ्यापायी तुझ्या पहिल्या कामाला बट्टा लागला.”

दुसऱ्या दिवशी ती मुलगी बसली, आणि प्रोग्राम पुन्हा एकदाही बंद पडला नाही. मग सगळ्यांनाच पटलं की दोष काकांचा होता. डॉक्टरांनी माझं नाव आणखी दोन क्लिनिकना सांगितलं. मी तिथेही गेले, काम केलं, चांगलं केलं.

चार वर्षांनी खजराण्याला गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत पागनीसकाकू भेटल्या. मी काकांची चौकशी केली. करायला नको होती, तरी केली.

“घरीच असतात,” काकू म्हणाल्या. “टीव्हीच्या बटनाला पण हात लावत नाहीत आता. नातीला हाक मारतात. म्हणतात, माझ्या हाताने चालती वस्तू बंद पडते.” मग माझ्या दंडावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “तू तर यातली जाणकार आहेस. असं असतं का गं खरंच, एखाद्याच्या हातात?”

रांग थांबलेली होती. मागून कुणी ढकलत नव्हतं, घाई नव्हती. काकू माझ्याकडे बघत होत्या.

“असतं काकू,” मी म्हटलं. “कुणाकुणाला नाही जमत.”

त्यानंतर काका सहा-सात वर्षं होते. घर मला माहीत होतं. मी गेले नाही.