श्रावणजींचा डावा हात

आमच्या सेलूत श्रावणजींना ओळखत नाही असा माणूस एक तर बाहेरगावचा, नाहीतर बहिरा. मारुतीच्या देवळातल्या गुरुवारच्या भजनात पेटी त्यांची. मी त्याच मंडळात टाळ वाजवतो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलंय आणि सोसलंयही. तसं त्यांचं किराणा दुकान, पण ते चालवलं शोभाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. या बाईंना पेटीचा भारी तिटकारा. "याच्यापेक्षा सवत बरी, झोपते तरी," असं त्या गिऱ्हाइकाला साखर बांधून देता देता सांगायच्या. श्रावणजी आतल्या खोलीत सूर धरून बसलेले असायचे. त्यांना काय ऐकू येणार!

गेल्या हिवाळ्यात श्रावणजींना लकवा मारला. पाय सुधारला, बोलणं तर बंदच पडलं नव्हतं, पण डावा हात मांडीवर पडला तो पडलाच. पेटीवर सूर दाबतो उजवा हात, पण भाता हलवून हवा भरतो तो डावा. हवा नाही तर सूर नाही. आमचे मंडळाचे प्रमुख अण्णाजी मोठे प्रेमळ. लगेच पुढच्या गुरुवारी नालवाडीच्या प्रफुलला पेटीवर बसवून मोकळे झाले. वर म्हणाले, "श्रावणजीची जागा श्रावणजीचीच हाये. गुरुपौर्णिमेपर्यंत वाट पाहू. मंग प्रफुल कायमचा." हे कानावर गेलं तेव्हा श्रावणजी माझ्यासमोर ढसाढसा रडले. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग पुण्याच्या लेकीनं, प्रेरणानं, डिजिटल पियानो पाठवला. "बाबा, याले भाताच नाई. एका हातानं वाजवा," असं फोनवर म्हणाली. बाप रे, केवढं ते धूड! सोबत उंच स्टँड आला होता. श्रावणजी म्हणाले, "भजन मांडी घालून होते. उभ्यानं वाजवाले मी काय वरातीत हाये?" पियानो दोन पाटांवर ठेवला. स्टँडवर शोभाबाईंनी लुगडं वाळत घातलं.

पहिला सूर दाबला, टण् झालं आणि विरून गेलं. "हे तर दाबलं का मरते!" श्रावणजी घाबरले. पेटीचा सूर हवा असेतो टिकतो, पियानोचा मात्र दाबल्या दाबल्या विरतो. झालं, अर्धं सेलू सल्ला द्यायला ओसरीवर जमलं. मोबाईल दुकानवाला नीलेश त्यांतला तज्ज्ञ. त्यानं बटणं दाबून बासरी काढली, व्हायोलिन काढलं, एकदा तर चर्चची घंटा काढली, तेव्हा शोभाबाई आतून ओरडल्या, "आता धर्मबी बदलवता का?" शेवटी ऑर्गन सापडला. सूर टिकला.

पण आवाज कसा? डासासारखा. पेटीवाल्याची बोटं हलकी असतात. पेटीला दाब कळत नाही. जेवढी हवा तेवढा आवाज. इथे सगळं उलटं, जेवढा दाब तेवढा आवाज. नीलेशनं टच, म्हणजे दाबाचं सेटिंग, हार्डवरून मीडियम केलं, मीडियमवरून सॉफ्ट. तरी एक सूर ओरडे, दुसरा कुजबुजे. मग त्यानं टच फिक्स करून टाकला. आता कसंही दाबा, प्रत्येक सूर सारखाच मोठा. नीलेशनं छाती फुगवून सगळ्यांकडे पाहिलं.

श्रावणजींनी एक भजन वाजवलं आणि हात काढून घेतला. "हे रडूनबी नाई राह्यलं, हासूनबी नाई राह्यलं. सरसकट." ध्रुपद चढताना त्यांचा डावा खांदा अजूनही वर यायचा, भाता रेटायला. हात तिथेच मांडीवर.

तेवढ्यात शोभाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "अवो, तिथं चढवा लागते ना! जन्म गेला आयकता आयकता." आणि नीलेशला बाजूला सारून त्यांनी आवाजाची गोल चकती पकडली. श्रावणजींनी भजन पुन्हा धरलं, तसा त्या आवाज फिरवत गेल्या. ध्रुपदाला मोठा, अंतऱ्याला लहान, शेवटच्या ओळीला अगदी श्वास सोडल्यासारखा. "मी बंद कराचं बटन पाहून राह्यलती," त्या म्हणाल्या. पण चकती काही सोडली नाही.

गुरुपौर्णिमेला नवराबायको पियानोसकट येऊन पेटीच्या जागेवर बसले. आमच्याकडे बाया खांबांच्या मागे बसतात, मंडळाच्या ओळीत कधीच नाही. अण्णाजी म्हणाले, "बाई मंडळात? आपली काही पद्धत हाये, श्रावणजी."

"हे बाई नोहे, भाता हाये."

भात्याबद्दल आमच्या पद्धतीत काहीच नव्हतं. शोभाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी पाहिली होती, श्रावणजींनी नाही.

भजन असं रंगलं म्हणता! प्रफुलसुद्धा मान डोलवू लागला. मध्ये अण्णाजींनीच माईक श्रावणजींपुढे केला. आता घ्या! "कला हातात नसते, रक्तात असते," श्रावणजी सुरू झाले. "लकव्याच्या बापाले मी भेलो नाई. एकट्याच्या जिवावर उठून बसलो." आणि ऐटीत पुढचं भजन धरलं.

आवाजच नाही. बोटं पळतायत, पियानो मुका. नीलेश वायर तपासायला धावला. प्रफुल सरसावून बसला, अण्णाजींनी त्याला खूणही केली. श्रावणजींच्या कपाळाला घाम फुटला. शोभाबाई मात्र शांतपणे मारुतीकडे पाहत होत्या, हात चकतीवर.

तेव्हा श्रावणजींना कळलं. लग्न झाल्यापासून या माणसानं बायकोला 'अवं' सोडून दुसरी हाक मारली नव्हती, चार माणसांत तर नाहीच. माईक अजून तोंडापुढेच होता.

"शोभा," ते म्हणाले. अख्ख्या देवळानं ऐकलं. "माह्यानं एकट्यानं नाई होत."

चकती फिरली. आवाज हळूहळू वर आला, थेट भात्यातून यावा तसा. श्रावणजी रडत वाजवत होते आणि माझा टाळ चक्क चुकला.

पुढच्या गुरुवारी पेटीच्या जागेवर दोन आसनं घातलेली होती. हे कोणी केलं म्हणून विचारलं, तर अण्णाजी माझ्यावरच खेकसले, "काऊन? पयलेपासून पद्धतच हाये आपली."