सुरेखाने दाखवलेली गळती

काल लेक प्रोजेक्टसाठी काहीतरी जोडत बसली होती; तिच्या खोलीतून पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचा उग्र वास आला आणि मला सुरेखा आठवली.

औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघी शेवटच्या वर्षाला होतो. दुष्काळाची वर्षं होती. शहर बजाजनगरच्याही पुढं पसरत होतं आणि नव्या वस्त्यांत पाणी टँकरनंच यायचं. म्हाताऱ्या माणसांना न वाकता ड्रममधलं पाणी घेता यावं, म्हणून आम्ही प्रोजेक्टसाठी नळाचा स्टँड बनवला होता.

बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर सुरेखा बोलायला उभी राहिली. ती सोयगावकडच्या मेंढपाळ घरातली, कॉलेजात आलेली घरातली पहिलीच. तिनं नळ सोडला आणि मागच्या जोडातून पाणी ठिबकू लागलं. समोर बसलेल्या परीक्षक सरांना ते दिसत नव्हतं. सुरेखानं मात्र जोडाखाली पेला ठेवला आणि ती म्हणाली, "सर, इकडून बघा. इथं गळतंय. सगळा भार ह्या जोडावरच येतोय."

सर उठून जवळ आले. "मग जोड कुठं घ्यायला पाहिजे होता?"

"खाली, सर. आत्ता कळलं."

मग दोघंही खाली बसून खडूनं फरशीवर नवा जोड काढत राहिले. पुढचा गट दारात खोळंबला.

मार्क बेताचेच पडले. पण आज गिऱ्हाइकासमोर डिझाइन मांडताना काय जमलं नाही, ते मी आधी सांगते.

त्या दिवशी बाहेर आल्यावर मी तिला विचारलं होतं, "तुला भीती नाय वाटली?"

"लई वाटली," ती म्हणाली. "पण हेच एखाद्या म्हातारीच्या घरी गळलं असतं, तर तिनं कुणाला दाखवलं असतं?"