उपासाला चालणारं बदक

चौदावा लुई राज्यावर होता तेव्हाची ही तिफेन. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तिची खानावळ होती, आणि तिथे लेंटच्या उपासात उसळायची तशी गर्दी एरवी कधी नसे. कारण उघड होतं. ईस्टरपर्यंत मांस बंद, मासे चालतात. आणि त्या किनाऱ्यावर काळं समुद्री बदक मासा समजलं जाई. ते अंड्यातून येतच नाही, बुडालेल्या जहाजांच्या कुजक्या लाकडावरच्या शिंपल्यांतून जन्मतं, असं आज्या-पणज्या सांगत. त्याचं घरटं कुणी पाहिलं नव्हतं. मग मासाच की.

तिफेन दोन नवरे पुरून उरलेली बाई. पहिला समुद्राने नेला, दुसरा सफरचंदाच्या दारूने. दर रविवारी ती दोघांच्या नावाने मेणबत्ती लावी, दुसऱ्याची जरा आखूड. बदक साफ करताना मात्र ती मान वर करून भिंतीवरच्या क्रुसाकडे बघे. आत हात घालायचा, येईल ते ओढायचं, थेट मांजरापुढे टाकायचं. आत काय आहे ते बघायचं नाही. गावातल्या सगळ्याच बायका असं करीत.

एका लेंटमध्ये शहरातून डॉक्टर ब्रेयार आले. चर्चमधली रोजची मिस्सा न चुकवणारा माणूस, आणि उरलेला वेळ काही ना काही कापत बसणारा.

"बाई, एक बदक द्या. शिजवू नका."

"कच्चं खाणार?"

"उघडून बघणार. हा मासा की पक्षी, ते बिशपांना सांगायचंय."

पक्षी ठरला तर लेंटभर चूल थंड, आणि वर्षभराचं पोट त्याच चुलीवर. तिफेन धावत जाऊन फादर मोजेंना घेऊन आली. फादर दर शुक्रवारी तिच्याकडेच जेवत, सलगम घातलेलं बदक.

"वाडवडिलांवर विश्वास नाही वाटतं, डॉक्टर?" फादर म्हणाले.

"देवावर आहे. वाडवडिलांचं तपासून घेतो. डोळे त्यानेच दिलेत ना?"

सुरी चालली. फादरांनी डोळे मिटून जपमाळ काढली. तिफेनने मात्र जन्मात पहिल्यांदा मान खाली घातली.

"हे बघा, अंड्यांचा घोस," डॉक्टर म्हणाले.

"अंडी हेरिंग माशालाही असतात," फादर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले.

"आणि पिसं?"

"देवाची मर्जी."

"याचं रक्त गरम असतं, फादर."

"हात लावून बघा. गार आहे."

"मेलंय ते."

तिफेनने हात पुसले. "डॉक्टरसाहेब, माझी आई जन्मभर हे खाऊन मेली. ती नरकात गेली?"

"छे. तिला ठाऊक नव्हतं. न कळता घडलं ते पाप नव्हे."

"म्हणजे आज सकाळपर्यंत गावात हे पाप नव्हतं."

"नव्हतं."

"आणि तुम्ही बिशपांना सांगितलंत, त्यांनी चर्चमध्ये पुकारलं, की उद्यापासून होणार. कारण लोक खायचे थांबणार नाहीत, मी ओळखते त्यांना. ऐन लेंटमध्ये अख्खं गाव नरकाच्या वाटेला लावलंत, तर तुमच्या आत्म्याचं काय?"

डॉक्टरांनी सुरी पुसली. मग पुटपुटले, "सत्य दडवणं हेही पापच."

"दडवा कोण म्हणतंय? ईस्टरनंतर सांगा. तेव्हा मांस चालतंच, कुणी लक्ष देणार नाही."

फादरांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

डॉक्टरांनी खरंच ईस्टरनंतर सांगितलं. बिशप म्हणाले, बघू. थोरामोठ्यांचं 'बघू' जितकं लांबतं तितकं ते लांबलं, आणि खानावळ वाचली. पण ते पुढचं.

त्या दुपारी फादर बदकावर ताव मारत होते. त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. तिफेननेही स्वतःला वाढून घेतलं, घास तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हीच केलंत. आता दिसतंय ना मला ते."

तिने ताट बाजूला सारलं आणि स्वतःपुढे नि डॉक्टरांपुढे खारवलेली हेरिंग आणून आदळली. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं.

"मुकाट्याने खा," तिफेन म्हणाली. "आणि काटे बघून खा. बघायची आवड आहेच तुम्हाला."