कानबाईच्या गळ्यातली बारा जनावरं

आमच्या घरात चांदी म्हणजे जोडवी, पैंजण, समई आणि देव. डबीत ठेवून नुसती बघायची चांदी आणणारा मी पहिलाच. लेक पहिलीत गेली त्या वर्षी एका मासिकात वाचलं की परदेशातली एक टांकसाळ दरवर्षी चांदीचं एक खास नाणं काढते. चिनी पंचांगात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो, तो त्या नाण्यावर. मोजकीच काढतात, पुन्हा काढत नाहीत, आणि बाराच्या बारा जमली की संचाची किंमत चांदीच्या भावाच्या कितीतरी वर जाते. मी धुळ्यात सरकारी कचेरीतला कारकून. पण हिशेब सोपा होता: बारा वर्षं, बारा नाणी, लेकीची बारावी. मग संच विकायचा आणि तिला पुण्याला पाठवायचं. तिला लहानपणापासून घरांची चित्रं काढायचा नाद होता आणि आर्किटेक्ट व्हायचं हे तिनं सातवीतच जाहीर करून टाकलं होतं.

वाघापासून सुरुवात झाली. प्रत्येक नाणं पारदर्शक गोल डबीत बंद, सोबत क्रमांकाचा कागद. डबी उघडायची नाही, बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा उमटला तरी किंमत पडते. मी सुती हातमोजे घालून डब्या पुसायचो आणि घरादाराला करमणूक व्हायची. बायको म्हणायची, एवढं सोवळं देवाचंही पाळत नाही तुम्ही. लेकीला मात्र सगळं ठाऊक होतं. दर वर्षी कुरियर आलं की ती डबी उजेडात धरायची आणि म्हणायची, माझी एक भिंत आली.

आईला त्या नाण्यांचं वेगळंच कौतुक. तिच्या लेखी ती चिनी-बिनी काही नव्हती. वाघ देवीचा, घोडा खंडेरावाचा, माकड म्हणजे मारुती, कुत्रा दत्ताचा, उंदीर गणपतीचा. ड्रॅगनला तिनं मोठा नाग ठरवून टाकलं. डुकराचं वर्ष आलं तेव्हा मला वाटलं, आता अडली. दोन दिवस विचार करून तिनं त्याला वराह अवतारात बसवलं आणि मला म्हणाली, “बठ्ठा जनावरं देवनाच शेतस.” सगळी जनावरं देवाचीच! मी हसलो. त्या वाक्यावर पुढे काय उभं राहणार आहे हे मला कुठून कळणार?

शेवटचा बैल आला आणि महिन्याभरात मला कोरोना झाला. दुसरी लाट होती. मी धुळ्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर, बायको दवाखान्याच्या दारात, लेक मामाकडे अमळनेरला. घरात आई एकटी. वाचून घरी आलो तेव्हा जिना चढवत नव्हता. कपाट उघडून बघायचं सुचलंही नाही.

श्रावणात आम्ही कानबाईसाठी भडगावजवळच्या आमच्या गावी गेलो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. सगळे भाऊबंद एका घरात जमतात, नैवेद्याचे रोट होतात, आणि चौरंगावर नारळाची देवी मांडून तिला घरातले दागिने घालतात. मी भिंतीला धरून आत गेलो. देवीच्या गळ्यात पुतळ्यांच्या माळेसारखी माळ होती. जवळ जाऊन बघतो तर वाघ, ससा, नाग, घोडा. बाराही जनावरं, प्रत्येकाच्या डोक्यावर डाग देऊन सांधलेली कडी, आणि सोनारानं मन लावून उजाळा दिलेला. सगळी नाणी आरशासारखी लखलखत होती. संग्राहकाच्या भाषेत मेली होती.

आई शेजारी येऊन उभी राहिली. मी दवाखान्यात असताना तिनं देवीला चांदीची माळ बोलली होती. घरात दुसरी एवढी चांदी कुठे होती? “तुले कानबाईनी वाचाडं,” ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला इतका राग आला होता की कानशिलं तापली. पण रागवायचं कुणावर? जिनं वाचवलं तिच्यावर, की जिनं नवस बोलला तिच्यावर? आणि मी तर श्वास घेत तिथं उभा होतो. मी हात जोडले. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. ते मला अजून सलतं.

पुढच्या वर्षी तिची बारावी झाली. आशा चिवट असते. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडून मी नाणी घ्यायचो त्याला मी माळेचा फोटो पाठवला. त्यानं फक्त विचारलं की हे कुणी केलं, आणि वर लिहिलं की आता ही नुसती मोडीची चांदी, तुमच्या गावच्या सराफाला वजनावर द्या. ठीक, वजनावर तर वजनावर. आईला सांगितलं की माळेला उजाळा देऊन आणतो, आणि जळगावच्या सराफ बाजारात गेलो. ओळखीचं दुकान नको म्हणूनच इतक्या लांब.

सराफानं माळ काट्यावर ठेवली. मग उचलून डोळ्यांजवळ नेली. कड्यांच्या खाचेत कुंकू अडकलेलं होतं. त्यानं विचारलं, कानबाईची का? मला खोटं बोलता आलं नाही. त्यानं माळ लाल कागदात गुंडाळून माझ्यापुढे सरकवली आणि शांतपणे म्हणाला, “भाऊ, देवीची मोड आम्ही घेत नाही. उजाळा देऊन देतो, त्याचे पैसेही नकोत.”

मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. आत त्याचा कारागीर माझ्या लेकीच्या भिंती घासत होता. परतताना एसटीत पिशवी मांडीवर होती आणि मला रडू येत होतं. शेजारच्या माणसानं विचारलं, घरात कुणी गेलं का. मी नाही म्हणालो.

लेकीनं धुळ्यातच बीएस्सीला प्रवेश घेतला. कर्ज काढू म्हटलं तर नको म्हणाली, “पप्पा, आजीला मात्र काही सांगू नका.” तेवढंच. भूमितीची पेटी तिनं धाकट्या मामेबहिणीला देऊन टाकली.

पोरगी मनासारखं शिकत नाही हे आईच्या नजरेतून सुटलं नाही. एका सकाळी मी चहा पीत असताना ती जवळ येऊन बसली. कानबाई आपलं ऐकते, हे तर तूच जगून दाखवून दिलंस, म्हणाली. मग आवाज खाली करून: “पोरगीना पुन्यासाठी मी आखो नवस बोलेल शे. माळले मधमा एक पदक. तसंच एक नानं लई ये.”

बारा वर्षांचं चक्र फिरून पुन्हा वाघ आला होता. मी नाणं मागवलं. कुरियर आलं तेव्हा हातमोजे शोधले नाहीत. डबी तशीच आईच्या हातात दिली. तिनं ती नखानं उघडली, नाणं पदराला पुसलं, आणि कडी कुठे बसवायची ते लेकीला विचारलं. लेकीनं वाघाच्या कानांच्या मधोमध बोट ठेवून दाखवलं.